तयारी करून राहिलो, सर

सरकारी नोकरीसाठीची कमाल वयोमर्यादा राज्य सरकारने २०१६ साली पाच वर्षांनी वाढवली. खुल्या प्रवर्गाला ३३ ची ३८ झाली, मागासवर्गीयांना ३८ ची ४३. गोंदिया जिल्ह्यात तेव्हा पोरांपेक्षा त्यांच्या आयांना जास्त आनंद झाला. मला तो निर्णय तेव्हाही फारसा रुचला नव्हता आणि आता तर माझं मत पक्कं झालंय. वाढलेल्या वर्षांनी आमच्या भागातल्या पोरांना नोकरी कमी दिली आणि घरी बसायची मुभा जास्त दिली.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर गोरेगाव तालुक्यातल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी जाऊन बसतो. पोरं-पोरी गणितं घेऊन येतात, फार्म घेऊन येतात. कुणालाही विचारा, काय चाललंय? "तयारी करून राहिलो, सर." कशाची? "जे निघेल त्याची." पोलीस, तलाठी, वनरक्षक, रेल्वे, जिल्हा परिषद, सगळं एकाच पिशवीत. पिशवी उचलून पाच-सात वर्षं झालेली असतात. एवढ्या वर्षांत एक दिवसही कुठे काम केलेलं नसतं, आणि ते सांगताना चेहऱ्यावर संकोचही नसतो. कारण घरात, गावात, सोयरिकीत 'तयारी' हाच एक हुद्दा झालाय.

आकडे या पोरांना माझ्यापेक्षा चांगले पाठ असतात. २०२३ ची तलाठी भरती ४,६४४ जागांची होती आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. परीक्षा शुल्क खुल्यांना १,००० रुपये आणि मागासवर्गीयांना ९००. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून जास्त माणसं, आणि हरणाऱ्यानेही पैसे भरायचेच. २०२४ च्या पोलीस भरतीत १७,४७१ जागांना सतरा लाखांवर अर्ज होते. जिल्हा परिषदांची गोष्ट तर आणखी बोलकी. मार्च २०१९ मध्ये जाहिरात आली, लोकांनी शुल्क भरलं, आणि ती भरती पुढे रद्दच झाली. नवी जाहिरात यायला ऑगस्ट २०२३ उजाडला. त्या साडेचार वर्षांत ज्याने दुसरं काहीच केलं नाही, त्याची चूक किती आणि सरकारची किती, याचा हिशेब मी मांडत बसत नाही. पण वर्षं गेली ती त्याचीच.

मी भरतीच्या विरोधात नाही. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची चूल पोलिसाच्या, मास्तरच्या, रेल्वेच्या पगारावर पेटली आणि जमीन सावकाराच्या हातून सुटली, हे मी पाहिलेलं आहे. पहाटे कोहमाऱ्याच्या रस्त्यावर धावणारी पोरं दिसली की मला बरंच वाटतं. माझं म्हणणं एवढंच, की पहिली नोकरी छोटी असली तरी ती आधी धरा आणि तयारी तिच्यासोबत करा. शिवाय तयारीला एक तारीख ठेवा. ती तारीख सरकारच्या वयोमर्यादेवरून न काढता आपल्या घरच्या परिस्थितीवरून काढा.

यावर अभ्यासिकेत माझ्याशी भांडण होतं. "नोकरी करून अभ्यास होत नाही, सर." अर्धं खरं आहे. पोलिसाचं मैदान पन्नास गुणांचं असतं. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक हे दिवसभर पोती उचलून होणार नाही. म्हणून पोलिसात जायचं असेल तर पदवी झाल्यावर दोन भरत्या पूर्ण ताकदीने करा, घरच्यांकडून तेवढा वेळ मागून घ्या. तिथे तसंही वय खुल्यांना २८ आणि मागासवर्गीयांना ३३ वर संपतं. बाकीच्या लेखी परीक्षांचं मात्र मला पटत नाही. अभ्यासिकेत दहा तास बसणाऱ्यांतले बरेच जण त्यातले चार तास मोबाईलवर पेपरफुटीच्या आणि 'जागा केव्हा निघणार'च्या बातम्या पाहतात. आठ तास काम करून तीन तास बसणारी एक पोरगी आमच्याकडे येते. डीएमएलटी केलंय, सकाळी खासगी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. ती मोबाईल बंद करून बसते, कारण तिला वेळेची किंमत महिन्याच्या पगारातून कळलेली आहे. उद्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाच्या जागा निघाल्या तर ती स्पर्धेत असेल. नाही निघाल्या तरी तिच्या हातात काम आहे आणि गाठीला अनुभव आहे.

आमगावकडच्या एका शेतकऱ्याने मला हे एका वाक्यात सांगितलं होतं. पोरगा तिशीला आलेला, भरतीच्या नादात. म्हणाला, "गुरुजी, पऱ्हे बांधीत ठेवून ठेवून पिवळे पडले तर मग रोवून फुटवे येतेत का जी?" पऱ्हे म्हणजे धानाची रोपं; धान लावणाऱ्याला यापुढे सांगायला लागत नाही.

आता प्रश्न येतो, काम आहे कुठे? "आपल्या इकडे काय आहे, सर?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा रागच येतो. गोंदिया हे राइस मिलचं शहर. पण आमच्या पोरांच्या डोळ्यांसमोर राइस मिल म्हटलं की फक्त हमाल आणि मालक दिसतात, मधली माणसं दिसतच नाहीत. सेला तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धान भिजवतात, वाफवतात, सुकवतात. ती वाफ येते तूस जाळून चालणाऱ्या बॉयलरमधून, आणि बॉयलर चालवायला दाखलाधारक माणूस कायद्यानेच लागतो. सेकंड क्लास बॉयलर अटेंडंटचा दाखला मिळवायचा तर आधी बॉयलरवर मदतनीस म्हणून काम करावं लागतं. मग बाष्पके संचालनालयाची परीक्षा. त्यापुढे फर्स्ट क्लास. माझा एक विद्यार्थी असाच मदतनीस म्हणून लागला होता. गावातले हसले, आयटीआय करून भट्टीत तूस टाकतो म्हणून. आज त्याच्याकडे फर्स्ट क्लास आहे आणि तो बुटीबोरीच्या एका कारखान्यात आहे. बॉयलर फक्त राइस मिलमध्ये नसतो. कापड, औषध, कागद, साखर, जिथे वाफ लागते तिथे हा दाखला चालतो.

तसंच सॉर्टेक्सचं. काळा दाणा कॅमेऱ्याने ओळखून हवेच्या झोताने बाजूला उडवणारं हे यंत्र आता मोठ्या मिलमध्ये लागतंच. ते बिघडलं की माल अडतो आणि मालक फोनवर फोन करतो. इलेक्ट्रिशियनचा कोर्स केलेल्या पोराने त्याची साफसफाई, सेटिंग, कॉम्प्रेसर एवढं मन लावून शिकलं तर त्याला हंगामात तीन मिलवाले शोधत येतात. पगार पहिल्या वर्षी कमीच असतो, हे लपवत नाही. पण दुसऱ्या वर्षी तो मालकाशी बोलू शकतो. अभ्यासिकेत बसलेला पोरगा कुणाशी बोलणार?

अ‍ॅप्रेंटिसशिपचंही तेच. दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचा नागपूर विभाग आणि मोतीबाग वर्कशॉप आयटीआयवाल्यांना अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतात. निवड दहावीच्या आणि आयटीआयच्या गुणांवर, लेखी परीक्षा नाही. विद्यावेतन थोडं असतं म्हणून पोरं नाक मुरडतात. पण रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत अ‍ॅप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी २० टक्के जागा राखीव आहेत. म्हणजे तुम्ही ज्या दाराबाहेर लाखोंच्या रांगेत उभे आहात, त्याला बाजूने एक छोटं दार आहे आणि तिथे रांग कमी आहे. ही माहिती जाहिरातीतच लिहिलेली असते. जाहिरात शेवटपर्यंत कुणी वाचत नाही, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो वाचतात.

आणखी एक गोष्ट नकाशाची. आमची पोरं पश्चिमेकडेच पाहतात. नागपूर, नाही तर थेट पुणे. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून सुटते आणि कोल्हापूरपर्यंत जाते, त्यामुळे पुण्याची वाट सगळ्यांना ठाऊक. पण हावडा मार्गावर उलट्या दिशेला बसलात तर राजनांदगाव, दुर्ग, भिलाई, रायपूर आहे, आणि पुण्याच्या मानाने ते घराशेजारी आहे. शनिवारी रात्री घरी येऊन रोवणीला हात लावता येतो. पुण्यात आपल्या पोराने तोंड उघडलं की "तुमचं मराठी हिंदीसारखं वाटतं" म्हणतात आणि पोरगा गप्प होतो. रायपूरला त्याच्या त्याच हिंदीला किंमत आहे. घरात पोवारी किंवा गोंडी, गावात झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत मराठी. एवढ्या भाषा बोलणारा माणूस विक्रीच्या, वसुलीच्या, दवाखान्याच्या कामाला कुठेही हवाच असतो. बायोडेटात मात्र तो लिहितो: मराठी, हिंदी, इंग्लिश.

बायोडेटाचं काय सांगावं! सायबर कॅफेतला एकच नमुना साऱ्या तालुक्यात फिरतो. जात, धर्म, जन्मवेळ सोडून सगळं, कधी तेही. छंद वाचन आणि क्रिकेट. अनुभवासमोर 'निरंक'. मी विचारतो, अरे, मागच्या दोन हंगामांत तू धान खरेदी केंद्रावर होतास ना? "ते काय काम आहे का, सर!" शेतकऱ्यांचे सातबारे तपासून ऑनलाइन नोंदणी करणं, वजनकाटा सांभाळणं, बारदान्याचा हिशेब ठेवणं, शंभर चिडलेल्या माणसांची रांग सरळ ठेवणं, हे काम नाही तर काय आहे? गोदामाचा व्यवस्थापक असाच माणूस शोधत असतो. एक पान पुरे. वर नाव, फोन, गाव, साधा ईमेल. खाली केलेलं काम, साध्या मराठीत किंवा हिंदीत, किती काळ केलं आणि काय सांभाळलं ते. आणि फोन आला तर उचला. अनोळखी नंबर म्हणून न उचललेल्या फोनात आमच्याकडच्या निम्म्या नोकऱ्या बुडाल्या असतील, असा माझा संशय आहे.

पण कागदापेक्षा माणूस जास्त काम करतो, आणि त्यासाठी आमच्याकडे दिवाळीनंतरची मंडई आहे. भाऊबीजेपासून गावोगाव मंडईची जत्रा भरते, दंडार होते, रात्री नाटक होतं, आणि पुण्या-हैदराबादेकडे गेलेली सगळी पोरं गावात येतात. नव्या शर्टात, नव्या मोबाईलसह. त्यांच्याभोवती जमून लोक पगाराचा आकडा ऐकतात आणि परत जाताना हळहळतात. मी म्हणतो, त्याला बाजूला घ्या, चहा पाजा आणि नीट विचारा. कंपनीच्या पटावर आहेस की ठेकेदाराच्या? खोलीभाडं आणि मेस जाऊन हातात किती उरतं? बारा तासांची पाळी आहे का? पीएफ कापतात का? तुझ्या विभागात माणूस लागतो तेव्हा कुणाला सांगतात? या पाच प्रश्नांत रोजगार मेळाव्यातल्या दहा स्टॉलांपेक्षा जास्त मिळतं, कारण तो तुमच्या गावचा आहे आणि थापा मारल्या तर पुढच्या मंडईत सापडेल. मुख्य म्हणजे विचारायला लाजू नका. कालचा शेजारी आज पुढे गेला याचं दुःख चहात बुडवावं. काम मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. मंडई संपली की महिन्याभराने त्याला एकदा फोन करा, नुसता 'काय चाललंय' म्हणून.

आता कागदांविषयी, कारण सरकारी असो की खासगी, आमच्या जिल्ह्यात माणूस तिथेच अडकतो. जात वैधता निवड झाल्यावर काढू, असं म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्याआधी आपण भंडाऱ्यात होतो, आणि १९५६ पूर्वी तर मध्य प्रदेशात. म्हणजे आजोबांचा कोतवाल पंजीतला जन्म हिंदीत लिहिलेला असू शकतो, आणि तो कागद कधी तहसीलच्या अभिलेख कक्षात, कधी भंडाऱ्यात सापडतो. एका ठिकाणी पवार, दुसरीकडे पोवार, तिसरीकडे पंवार. हे जुळवायला महिने लागतात. निकाल लागल्यावर मिळणाऱ्या मुदतीत ते होत नाही. पावसाळ्यात रोवणी संपल्यावर वडिलांना घेऊन निघा आणि नकला काढून ठेवा. बारावीनंतरचा रिकामा उन्हाळा त्याहून चांगला.

लग्न झालेल्या मुलींचं तर वेगळंच. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर तिसरंच. नोकरी शोधत असाल तर दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव धरून बाकी सगळं जुळवा, सासूबाई काहीही म्हणोत. नॉन-क्रीमिलेअरसाठी उत्पन्न वडिलांचं पाहतात, नवऱ्याचं नाही, हे सेतू केंद्रातही कधी कधी ठाऊक नसतं. बालाघाट-राजनांदगावकडून सून होऊन आलेल्या मुलींना लग्नामुळे महाराष्ट्रातलं आरक्षण मिळत नाही. हे मुलाखतीच्या टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. अशी रडणारी पोरगी पाहण्याची वेळ माझ्यावर आलेली आहे.

नोकरी लागली की आमच्याकडे शोध संपतो, आणि माझ्या मते पुढे जाण्याचं काम तिथूनच सुरू होतं. ठेकेदाराकडे लागलात तर पहिल्या महिन्यातच यूएएन क्रमांक मागा आणि पीएफचं पासबुक स्वतः मोबाईलवर पाहा. पगारातून कापले आणि खात्यात भरलेच नाहीत, असं होतं. तिरोड्याचा ३,३०० मेगावॅटचा वीज प्रकल्प आपल्या जिल्ह्यात आहे. अशा कुठल्याही मोठ्या ठिकाणी काम करताना ठेकेदार बदलतो आणि अनुभवाचा कागद त्याच्याबरोबर जातो. म्हणून तो बदलायच्या आधी अनुभव पत्र शिक्क्यासह घ्या. नेमणूक पत्र नसेल तर निदान पगाराच्या बँक नोंदी जपा. पुढच्या नोकरीत पगार तुमच्या तोंडी बोलण्यावर ठरत नाही, या कागदांवर ठरतो.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये आली. काम शिकताना महिन्याचं विद्यावेतन बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ, पदवीधराला दहा, आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. मुदत संपल्यावर 'आम्हाला कायम करा' म्हणून आंदोलनं झाली. त्या पोरांचा राग मला कळतो. पण जिथे शिकण्यासारखं काही नव्हतं अशा कार्यालयात घराजवळ म्हणून बसलेल्यांच्या हाती शेवटी प्रमाणपत्रच उरलं. दवाखाना, उपकेंद्र, कारखाना निवडलेल्यांच्या हाती थोडं कौशल्य तरी आलं. योजना तीच, पैसे तेच. निवडताना अंतर पाहिलं की काम, एवढाच फरक.

पैसे देऊन नोकरी लावून देणाऱ्यांबद्दल लिहायचा कंटाळा येतो, तरी लिहितो. रेल्वेत लावतो, मंत्रालयात ओळख आहे, म्हणून एकर विकायला लावणारे अजून फिरतात, आणि फसलेला माणूस लाजेने बोलत नाही म्हणून पुढचा फसतो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. लाज नंतर वाटून घ्या.

आमच्या अभ्यासिकेत भरतीच्या जाहिराती लावायचा फलक आहे. त्याच्या शेजारी मी दुसरा फलक लावून घेतलाय, आसपासच्या मिल, दवाखाने, दुकानं, गोदामं यांच्या जागांसाठी. ग्रामपंचायतींच्या वाचनालयांनी असे फलक लावले तर खिळ्यापलीकडे खर्च नाही. सुरुवातीला कुणी कागद देईना, मग दोन मिलवाल्यांनी दिले, एका नर्सिंग होमने दिला. अट एकच ठेवलीय, पगाराचा आकडा लिहिलेला असला पाहिजे. 'योग्यतेनुसार' लिहिलेला कागद मी लावत नाही. त्यावरून एका मालकाशी माझी बोलाचाली चालू आहे. तो म्हणतो आकडा लिहिला तर आत काम करणारे जुने कामगार वाढ मागतील. मी म्हटलं, मागू द्या.